साहेबांची गार बाजू

काचवाल्या काकू फोटोफ्रेमच्या दुकानात काच कापत. हिरकणीची एक रेघ, अंगठ्याचा हलका दाब, की काच सरळ दुभंगायची. नवरा लवकर गेला; मुलाला त्यांनी याच कामावर वाढवलं. मालक गिऱ्हाइकांना सांगायचे, आमच्या काकूंनी रागात कापली तरी काच वाकडी जायची नाही. काकू म्हणायच्या, रागवायला इथे सवड कोणाला आहे.

मुलगा मालाचा टेम्पो चालवायचा. घर बदलणाऱ्या एका कुटुंबाला त्यांचं कासव नकोसं झालं होतं, ते त्याने बुटांच्या खोक्यात घालून घरी आणलं. जमिनीवरचं, दोन तळहातांत मावेल एवढं. कधी घाईत दिसत नाही आणि हाक मारली तरी वळून बघत नाही, म्हणून त्याचं नाव पडलं साहेब. काकूंनी आधी नाक मुरडलं, मग सुट्टीच्या दिवशी दुकानातल्या उरलेल्या काचा जोडून त्याला एक लांबलचक पेटी करून दिली.

पेटी काकूंची, पण तिचं तापमान हा मुलाचा प्रांत. आतल्या दांडीला एका टोकाशी दिवा टांगलेला होता. त्याच्याखाली, कासवाच्या पाठीच्या उंचीवर, पस्तीस अंश हवेत. दुसऱ्या टोकाला बावीस-तेवीस. रात्री दिवा बंद, पण अठराच्या खाली जाऊ द्यायचं नाही. दोन्ही टोकांना थर्मामीटर ठेवून, दिव्याची साखळी एकेक कडी वरखाली करत तो आकडा जमवत बसायचा.

"याच्या अंगात स्वतःची ऊब नसते, आई," तो सांगायचा. "ऊब हवी तर दिव्याखाली येतो, तापला की तिकडे सरकतो. गार बाजू गारच राहिली पाहिजे. नाहीतर जाईल कुठे तो?"

काकू म्हणायच्या, आईच्या गुडघ्यांना कधी एवढा जीव लावला नाहीस.

मग एका संध्याकाळी तो पिऊन टेम्पोवर बसला. सायकलवरून घरी निघालेला एक रंगारी त्याच्या धडकेने जागच्या जागी गेला. चौकीत मुलगा एकच वाक्य घोकत होता, मी मुद्दाम नाही केलं. काकू काही वेळ ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "मुद्दाम नाही केलं म्हटलं की गेलेला माणूस उठून बसतो का?" मुलाने मान खाली घातली. शिक्षा ऐकतानाही त्याने मान वर केली नाही.

तुरुंगात महिन्यातून एकदा भेट मिळे. जाळीच्या अलीकडे काकू, पलीकडे तो. घरचं तो विचारत नसे, आतलं सांगत नसे. विचारायचा फक्त साहेबांबद्दल. दिव्याखाली किती? तिकडच्या टोकाला किती? रात्री किती? काकू निघण्याआधी आकडे पाठ करून जायच्या. कधी सांगायच्या, साहेबांनी थर्मामीटर पुन्हा उलथा पाडला. तेव्हा त्याच्या ओठांचा कोपरा जरा हलायचा. मायलेकांत बोलायला तेवढंच उरलं होतं, आणि काकूंनी ते जिवापाड जपलं.

थंडी पडली तशी साहेबांच्या नाकातून पाणी येऊ लागलं. रात्रीचा आकडा चौदावर उतरत होता. काकूंनी मग आपल्याला जे येतं ते केलं. जाड काच कापून पेटीला झाकण केलं, कडा घासून गुळगुळीत केल्या. ते असं बसलं की फटीतून कागद जाणार नाही. रात्रीची ऊब टिकली. सकाळी दिवा लागायच्या आत झाकण काढायचं, हे त्या न चुकता करायच्या. नाकातलं पाणीही थांबलं. पुढच्या भेटीत मुलाला हे सांगायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

भेटीच्या आठवड्यातच सकाळी सकाळी मालकांचा निरोप आला, मोठ्या कामाच्या काचा वाहतुकीत फुटल्यात, असाल तशा या. काकू चहा अर्धा टाकून निघाल्या. दिवा टायमरवर होता, तो आपल्या वेळेला लागला.

झाकण आठवलं ते दुपारी, हातातली काच चौकटीत बसवताना. त्या कोणाला काही न सांगता उठल्या.

दोन्ही थर्मामीटर एकच आकडा दाखवत होते, पंचेचाळीस. साहेब दिव्यापासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात होते. माती उकरून जेवढं खाली जाता येईल तेवढे गेले होते आणि तोंड काचेला लावलेलं होतं. काकूंनी त्यांना पाण्यात धरलं, ओल्या फडक्यात गुंडाळून प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी बघितलं आणि फडकं परत नीट गुंडाळून त्यांच्या हातात दिलं.

भेटीच्या दिवशी मुलाने विचारलं, दिव्याखाली किती? काकूंच्या तोंडून निघून गेलं, पस्तीस.

त्यानंतर मागे फिरता येईना. निदान आकडे तरी खोटे नसावेत म्हणून त्या रिकाम्या पेटीत दिवा लावून ठेवायच्या, भेटीला निघताना थर्मामीटर वाचायच्या. शेजारीण एकदा डोकावून म्हणाली, आत तर काहीच नाही. काकू म्हणाल्या, माहीत आहे.

थंडी सरली, उन्हाळा आला. एका भेटीत मुलाने आकडे ऐकून घेतले आणि जाळीजवळ सरकला.

"साहेब थर्मामीटर कधी सरळ उभा राहू देत नाही," तो म्हणाला. "किती महिने झाले, तो पाडल्याचं तू एकदाही बोलली नाहीस. कधी गेला?"

काकूंनी सगळं सांगितलं. झाकण, मालकांचा निरोप, तो कोपरा. शेवटी म्हणाल्या, "मी मुद्दाम नाही केलं रे."

तो रागावला नाही. रागावला असता तर काकूंना धरायला काहीतरी मिळालं असतं.

"मीही तेच म्हटलं होतं," तो म्हणाला. "तू काय म्हणालीस, आठवतंय ना?"

आठवत होतं. ते तेव्हाही खरं होतं आणि आताही खरंच होतं. वेळ संपली तसा तो उठून आत गेला.

पुढच्या महिन्यात शिपाई आत जाऊन आला आणि म्हणाला, तो यायला नाही म्हणतोय. त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच. तरी काकू जात राहिल्या. बाकावर बसायच्या, नाव पुकारलं की उठायच्या, नकार ऐकून परत यायच्या. शिपायाला त्यांची दया यायची, पण त्याच्या हातात काय होतं.

सुटल्यावर मुलगा घरी आला तो कपडे न्यायला. दुसऱ्या गावच्या गोदामात काम मिळालं होतं, राहायची सोयही तिथेच होती. काकूंनी ताट वाढलं, तो जेवला. पेटी भिंतीशी होती तशीच होती. एकट्या बाईला ती हलवता येत नाही, काकू म्हणाल्या. त्याने हात धुतले आणि एक टोक धरलं, दुसरं काकूंनी. जिन्यावरून एकेक पायरी उतरताना त्याने दोनदाच तोंड उघडलं, दोन्ही वेळा "सांभाळून" एवढंच म्हणायला. खाली भंगारवाल्याच्या गाडीवर पेटी ठेवून तो पिशवी घ्यायला वर गेला.

संध्याकाळच्या गाडीने तो गेला. अधूनमधून फोन करतो. बरी आहेस का, विचारतो. काकू म्हणतात, बरी आहे. मग दोघंही दुसऱ्याने काहीतरी बोलावं म्हणून थांबतात, आणि थोड्या वेळाने कोणीतरी एकजण फोन ठेवतं.