पोहणारं शेत

सौंसर तालुक्यात आजवर जेवढं खरं बोललं गेलं, त्यातलं निम्मं एकट्या आमच्या साडभावानं, म्हणजे बायकोच्या बहिणीच्या नवऱ्यानं, बोलून टाकलं असावं. उरलेलं निम्मं इतरांनी वाटून घेतलं. माझ्या वाट्याला काही आलं नाही. मी पांढुर्ण्याचा, माझ्या गोष्टीतला साप मालगाडीपेक्षा आखूड कधी नसतो. बोरगावच्या या संत्र्यावाल्या साडभावांना मात्र 'दोनेक हात असेल' म्हणतानाही घाम फुटे, कारण तो साप त्यांनी मोजलेला नसे. बाकी सगळं ते पावलांनी मोजत. देवळाचं अंगणसुद्धा. लग्नात कोणी सहज विचारलं, जेवण कसं झालं, तर म्हणत, "वरण खारट, नवरदेव आळशी दिसून राह्यला, बाकी बेस." तेव्हापासून तालुक्यातल्या पत्रिका त्यांना लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मिळू लागल्या. बाग पाहायला व्यापारी आला की हे त्याला हाताला धरून डिंक्या रोग लागलेल्या झाडांपाशी नेत. "हे मरून राह्यलं, पाहून घ्या." व्यापारी त्या झाडांना घाबरत नसे, या माणसाला घाबरे.

अशा माणसाचं एका माणसाशी बोलणं नव्हतं, सख्ख्या चुलतभावाशी. शेताला शेत लागून, मधे धुरा, म्हणजे बांध. हे म्हणत, धुरा साडेतीन पावलं सरकला; तो म्हणे, सरकलाच नाही. नऊ वर्षं झाली होती. दोघांचे बैल मात्र एकमेकांना ओळख देत.

त्या उन्हाळ्यात मला सरकारी सवलतीत काश्मीर मिळालं आणि साडभाऊ स्वखर्चानं आले. बायका शाली पाहायला गेल्या, म्हणून शिकाऱ्यात आम्ही दोघंच. अर्ध्या तासाची फेरी. नाववाल्यानं आम्हाला लव्हाळ्यांच्या दाट विणीवर चिखल थापून केलेल्या वाफ्यांपाशी नेलं. वर काकड्या, टमाटे. खाली नुसतं तळं. वाफ्याच्या मालकानं कडेला रोवलेला बांबू उपटला, दोरी ओढली आणि वेलांसकट शेत घेऊन चालता झाला. पुढं थांबला, तसे साडभाऊ त्यावर उतरले. पाय घोट्यापर्यंत गेला. तरी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजत गेले. "चौदा लांब, तीन रुंद," म्हणाले आणि नावेत परत येऊन बसले.

परतताना हळूच म्हणाले, "भाऊ, इथं शेतच सरकते. आमी साडेतीन पावलांसाठी नऊ वर्ष तोंड फिरवून बसलो. पोळ्याले सांगतो दादाले." पुढचे तीन महिने ते हे वाक्य बागेत झाडांना म्हणून दाखवत होते.

पोळा आला. बोरगावात तोरणाखाली जोड्या उभ्या होत्या, मीही गेलो होतो. साडभाऊ आपले बैल घेऊन चुलतभावाच्या बैलांशेजारी उभे राहिले. गाव माना वळवून पाहू लागलं.

"दादा, मी पाहून आलो. तिकडं शेत पाण्यावर पोहते."

चुलतभावाचा हात बैलाच्या शिंगावर थांबला. ओठ जरासे हललेही. तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, "पांढुर्ण्याच्या साडभावाची हवा लागली यायले." लोक हसले. साडभाऊ माझ्याकडे वळले.

"सांगा ना भाऊ यायले. तुमी होते संगं."

समोर अख्खं गाव हसायच्या बेतात. अशा वेळी माझी जीभ माझी राहत नाही.

"मी तं नाही पाहिलं, बापा," मी म्हणालो. "मी नावेत सरबत पेलो. यायनं काय पेलं, मले माहीत नाही."

तोरण हललं इतकं गाव हसलं. चुलतभाऊ हसला नाही. "नऊ वर्षानं बोलला, तं मस्करी कराले?" म्हणाला आणि बैल काढून घेऊन गेला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या पांढुर्ण्याला गोटमार असते, नदीच्या दोन काठांवरची गावं एकमेकांवर दगड फेकतात. तिथं निदान नदीपलीकडच्याला मारतात.

साडभाऊ रागावले नाहीत. डिंक्या लागलेल्या झाडाकडे पाहत, तसं माझ्याकडे पाहिलं. त्यानंतरही दर हंगामात घरी संत्री पाठवत राहिले, पण तळ्यातल्या शेताची गोष्ट त्यांनी पुन्हा कोणाला सांगितली नाही. ते गेले तेव्हा धुरा होता तिथंच होता.

त्यांच्या तेरवीनंतर मी चुलतभावाकडे गेलो. सगळं सांगितलं, लव्हाळे, बांबू, दोरी आणि माझं खोटं. म्हाताऱ्यानं चहा दिला, नीट ऐकून घेतलं आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला.

"भाऊ, तुमच्यासारखं फेकणं कोणाले जमत नाही. अजून एक सांगा."

ते शेत चौदा पावलं लांब होतं आणि तीन रुंद. मी मोजलं नव्हतं. त्यांनी मोजलं होतं.