केळवणं, पित्त आणि एक पांढरी गोळी

खोपटच्या डेपोत एसटी वळली तेव्हा मी खिडकीला नाक लावून बसले होते आणि शेजारी बाबा घोरत होते. संगमनेरहून निघाल्यापासून कधी एकदा ठाणं येतंय असं मला झालं होतं. पुढच्या महिन्यात माझं लग्न, आणि त्याआधी इकडच्या मंडळींकडची केळवणं. नेमकं निघायच्या आदल्या दिवशी अंगावर पित्त उठलं. हातापायांवर ह्या एवढाल्या गांधी! शेजारच्या काकूंनी आमसुलाचं पाणी चोपडलं. डॉक्टरांनी मात्र ॲलर्जी म्हणून रोज घ्यायला एक पांढरी गोळी दिली आणि हिने झोप फार येते, असं बजावलं.

पहिलं ताट कोपरीत, बाबांचे जुने मित्र हिराकाका यांच्याकडे. हे खाडीकाठचे कोळी. काकूंनी निवट्यांचं (खाडीच्या चिखलात उड्या मारणारे मासे) कालवण केलं होतं. मासे मला कधी बाधले नव्हते, त्यामुळे काळजी नव्हती. दिसायला तो मासा काही देखणा नाही, पण चव अशी की मी तिसरी भाकरी कधी संपवली ते कळलंच नाही. ‘घे गो बाय, लाजू नको,’ काकू म्हणाल्या. लाजतंय कोण! मी भातही दोनदा घेतला.

बाबा घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. त्याचं कारण सांगायला हवं. आई गेल्यापासून आमच्याकडे स्वयंपाक बाबाच करतात, आणि माझं मन ते माझ्या ताटावरून ओळखतात. काही बिनसलं की माझं ताट अर्धं राहतं. अभयचं स्थळ आलं तेव्हा एका भेटीतच मी हो म्हटलं. कोथिंबिरीची जुडी घेताना चार टोपल्या उलट्यापालट्या करणारी मुलगी इतक्या झटकन हो म्हणते म्हणजे ती बापाचं ओझं उतरवतेय, अशी शंका त्यांच्या मनात बसली होती. विचारायचं धाडस मात्र होत नव्हतं.

डोंबिवलीला आत्याकडे अळूवड्या आणि पुरणपोळ्या. दुसऱ्या दिवशीची पहाट मी तिच्या गॅलरीतून पाहिली. खाली दूधवाल्यांच्या सायकली, फुलांच्या पाट्या, आणि इतक्या लवकर प्रभातफेरीला निघून राजकारणावर भांडणारे आजोबा. मला हे गाव फारच आवडलं. आत्या उठून आली आणि ‘अगं, तू अजून जागीच?’ म्हणाली. तोवर मी डब्यातली उरलेली पोळी फस्त केली होती. बाबा तिला दिवसभर एकच सांगत होते, पोरगी खूश आहे, बघ कशी जेवते.

कल्याणला मावशीकडे तर कहर झाला. श्रीखंडाची चौथी वाटी पुढे ओढली आणि तिनेच नेसवलेल्या साडीच्या ब्लाउजचा हुक टणकन ताटात पडला. मावशी पोट धरून हसली. बाबा तर डोळे पुसेपर्यंत हसले. इतके मोकळे हसताना मी त्यांना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

परतीला ठाण्यात उतरलो तर गोळ्या संपलेल्या आणि मनगटावर गांधी पुन्हा हजर. नौपाड्यात एक दवाखाना उघडा दिसला. डॉक्टरबाईंनी रिकामी पट्टी पाहिली आणि विचारलं, भूक वाढलीय का? मी हुकाची गोष्ट सांगितली.

‘ही गोळीच तशी आहे,’ त्या म्हणाल्या. ‘काहींना नुसती खा-खा सुटते. बदलून देते.’

बाबांचा चेहरा पार उतरला. खोपटला एसटीत चढल्यावर त्यांनी खिडकीची जागा धरली. मला भयंकर वाईट वाटलं. केळवणांत मिळालेला त्यांचा सगळा आनंद एका पट्टीने काढून घेतला होता. मुरबाड मागे पडल्यावर त्यांनी खिडकीबाहेर बघतच विचारलं, ‘मनापासून हो म्हणालीस ना गं? की माझ्यासाठी?’

‘बाबा, त्या गोळीने भूक लागते. आणखी काय होतं?’

‘झोप येते.’

‘मला आली? एक तरी रात्र?’

ते माझ्याकडे वळले. कोपरीत मी पहाटेच खाडीवर गेले होते, डोंबिवलीत गॅलरीत होते, कल्याणला मावशीशी गप्पा मारत उजाडलं होतं. हे सगळं त्यांना एकेक करून आठवत गेलं.

‘अभयशी बोलून फोन ठेवते, तरी झोप येत नाही,’ मी सांगितलं. ‘इतका आनंद मला कधी झालाच नव्हता.’

माळशेज घाट यायच्या आत बाबा पुन्हा घोरायला लागले. मी टक्क जागी. औषधाने शरीराला हवं तसं नाचवावं, पण त्याचंही सगळंच चालत नाही, हे मला या प्रवासात कळलं.

घरी पोचल्यावर बाबांनी वरणभात केला. माझा अर्धा भात ताटात राहिला. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्या जागरणाने लाल झालेल्या डोळ्यांकडे, आणि हसत हसत तो भात आपल्या ताटात ओढून घेतला.