मालकाला फोन करायचा नाही

संघपाल हिवराळे जिना चढताना चपला हातात घेतो, असं अपार्टमेंटमधले लोक चेष्टेनं म्हणायचे. ते खरं नव्हतं. चपला पायातच असायच्या, फक्त त्यांचा आवाज होणार नाही इतक्या बेतानं तो पाऊल टाकायचा. पंचेचाळिशीचा धिप्पाड माणूस, सोयगावकडच्या एका खेड्यातून आलेला. चितेगावच्या कंपनीत बारा वर्षं पॅकिंगला, अजूनही कंत्राटीच, पण सुपरवायझरला तोंडावर चार शब्द सुनवायला मागंपुढं न पाहणारा. असा हा गडी शहरातल्या गारखेडा भागात, तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या दोन खोल्यांत मात्र जीव मुठीत धरून राहायचा.

कारण साधं होतं. घरमालक त्याला विसरला होता.

निदान संघपालचा तसा पक्का समज होता. चार वर्षांपूर्वी सर्जेरावांनी हा फ्लॅट त्याला साडेसहा हजारानं दिला आणि अकरा महिन्यांचा करार केला. अकरा महिने संपले, सर्जेराव नव्या कराराला आले नाहीत. ते बिडकीनच्या पुढं आपल्या गावी राहायचे. दुसरे अकरा महिने संपले, तिसरेही संपले, तरी ते आले नाहीत. तोवर त्याच अपार्टमेंटमधले बहुतेक फ्लॅट नऊ हजारांवर गेले, मग अकरा, आणि यंदा तेरा. संघपालच्या हातात पगार पडायचा सतरा हजार. दर एक तारखेला सकाळी तो मोबाइलवरून साडेसहा हजार पाठवायचा, आणि पुढचे दोन दिवस फोन वाजला की आधी नाव बघायचा, मगच उचलायचा.

हे घर गेलं तर दुसरं मिळणं नुसतं पैशांचं काम नव्हतं. हे मिळण्याआधी तो दोन महिने भाड्याच्या पाट्या वाचत शहरभर फिरला होता. "पूर्ण नाव काय?" असं विचारलं जायचं. तो सांगायचा, आणि समोरच्याचा चेहरा हळूच बंद व्हायचा. कुणी म्हणायचं, कालच दिला हो. कुणी म्हणायचं, आमच्यात फक्त शाकाहारी लागतात. पाटी मात्र पुढं महिनाभर तशीच लटकलेली. सर्जेरावांनी नाव विचारलं, करारावर लिहिलं आणि किल्ली हातात दिली. दोन मिनिटांत. संघपालला तो माणूस देवमाणूस वाटला.

त्या देवमाणसाला आठवण करून द्यायची नाही, हा नियम त्याच्या बायकोनं, सुलेखानं, घालून दिला. "मालकाला फोन करायचा नाय. काय बी हू द्या." नळ गळला, संघपालनं वायसर बदलला. दाराची कडी तुटली, त्यानं गुलमंडीच्या बाजारातून आणून बसवली. पाडव्याला शुभेच्छा पाठवाव्यात की नाही, यावर नवरा-बायकोची तासभर चर्चा झाली. पाठवल्या तर आठवण होईल, नाही पाठवल्या तर राग येईल. शेवटी पाठवल्या. उलट नुसते जोडलेले हात आले. त्या हातांचा अर्थ काय, हे दोघं रात्रीच्या जेवणापर्यंत लावत बसले. हसू येतं ना? त्यांना येत नव्हतं.

सगळ्यात जास्त भीती होती बन्सीची. खालच्या गाळ्यात बन्सीचं फ्लॅट भाड्यानं लावून द्यायचं ऑफिस होतं, म्हणजे एक टेबल आणि तीन खुर्च्या. एकदा त्यानं संघपालला बळंच बसवून घेतलं.

"भाऊ, शेंद्र्याला, बिडकीनला कंपन्या येऊ राहिल्या. बाहेरून पोरं येऊ राहिली. चार पोरं एका फ्लॅटात, माणशी साडेतीन-चार. फॅमिलीला कोण देतंय आता? अन् साहेब लोक तर भाव बी करत नाय. पुण्याचं भाडं भरून आलेले, त्यांना हे फुकट वाटतंय." मग चहाचा घोट घेऊन त्यानं विचारलं, "तुमचा कितीनं हाय?"

भाडेकरू बदलला की बन्सीला एका महिन्याचं भाडं मिळायचं. जुना भाडेकरू त्याच्या काहीच कामाचा नव्हता, म्हणून तो स्वतःहून मालकांना फोन लावून चालू भाव सांगायचा. संघपालला हे ठाऊक होतं. "बारा," तो म्हणाला.

ही थाप त्याला फार शहाणपणाची वाटली. दोन महिन्यांनी दुसऱ्या मजल्यावरच्या कडुबाच्या मालकानं भाडं साडेआठावरून थेट तेरा केलं. वरचा हिवराळे बारा देतो, मग तुम्हाला काय धाड भरली, असं तो म्हणाला म्हणे. कडुबा रिक्षा चालवायचा. त्यानं आठ दिवसांत सामान टेम्पोत घातलं आणि शहराच्या पार बाहेर निघून गेला. गाद्या उतरवायला संघपालनं हात लावला. खरं काय ते सांगायला मात्र त्याची जीभ उचलली नाही.

आणि मग आतल्या खोलीतल्या छताला पोपडे धरले.

वर गच्चीत पाण्याची टाकी होती आणि ती पाझरायची. आधी ओलीचा ठिपका, मग ताटाएवढा डाग, मग बारीक तडा. खाली बरोबर केसरबाईंची खाट, म्हणजे संघपालच्या मायची. एका रविवारी त्यानं बोटानं तडा खरवडला, तर मूठभर गिलावा हातात आला आणि आत गंजलेली सळई दिसली. पण फोन करायचा म्हणजे मालक येणार, घर बघणार, भाडं विचारणार.

त्यानं पुट्टी आणली, तडा बुजवला, वरून पांढरा रंग मारला. मायची खाट बाहेरच्या खोलीत आणली. बाहेर वारं चांगलं लागतं, असं तिला सांगितलं. मेघाला, आपल्या दहावीतल्या लेकीला, त्यानं यातलं काहीच कळू दिलं नाही. पोर मैत्रिणीजवळ बोलून जाईल, तिथून शेजारी, शेजाऱ्यांकडून बन्सी.

आजीची जागा रिकामी झाली म्हणून मेघानं तिथं आपलं टेबल मांडलं. शांत जागा, खिडकीही जवळ. संघपालनं ते पाहिलं. पुट्टी घट्ट बसलीय, असं त्यानं स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशीही सांगितलं. कंपनीच्या बसमध्ये बसल्यावर त्याच्या डोळ्यांपुढं ते छत यायचं आणि तो खिडकीबाहेर बघायचा.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी, त्याच्या सुट्टीच्या दिवशी, पाच दिवसांनी नळाला पाणी आलं. सुलेखानं खालून हाक मारली तशी मेघा वही उघडीच टाकून कळशी घेऊन पळाली. ती दुसऱ्या मजल्यापर्यंत पोचली नसेल तोच आतल्या खोलीत धाडकन आवाज झाला. संघपाल धावला. धुळीनं काही दिसेना. धूळ बसली तेव्हा दिसलं ते असं. टेबल मधोमध मोडलेलं, खुर्चीवर दोन हातांनीही उचलवणार नाही एवढा ढलपा, आणि वर उघड्या पडलेल्या सळ्या.

लेक कळशी घेऊन वर आली, तेव्हा तो मोडलेल्या टेबलाखालून तिची वही ओढून काढत होता. मागोमाग आलेली सुलेखा रडायला लागली. केसरबाई खाटेवरून एकच म्हणाल्या, "कामून रं बाबा, वारं चांगलं लागतंय म्हणलास ना?"

त्यानं फोन लावला.

"काका, संघपाल बोलतोय. गारखेड्याचा."

सर्जेराव म्हणाले, "बोल."

"काका, ते आतल्या खोलीचं..."

"पडलं का?"

"हो. तुम्हाला कसं कळलं?"

"कोणाला लागलं का, बाबा? आधी ते सांग."

"नाय. पोरगी पाण्याला गेलती म्हणून..."

सर्जेरावांनी सोडलेला श्वास फोनमधून ऐकू आला. "चार वर्षं झाली, एक तारखेला तुझं नाव फोनात दिसलं की छाती धडधडते माझी. फ्लॅट घेतला तवाच इंजिनीअरनं सांगितलं होतं, स्लॅब कच्चा हाय. जमिनीचा आलेला सगळा पैसा त्यात घातलेला, अन् बिल्डर पळून गेलेला. म्हणून तर भाडं वाढवायला आलो नाय. वाढव म्हणलो असतो, तर तू वर बोट दाखवलं असतं."

म्हणजे विसरला नव्हता. चार वर्षं दोघं एकमेकांना भीत होते, आणि त्या भीतीखाली आधी म्हातारी झोपत होती आणि नंतर पोर अभ्यास करत होती. ज्या स्वस्त भाड्याला तो नशीब समजत होता, ती त्या दोघींच्या डोक्यांची किंमत होती. संघपालला राग यायला हवा होता. पण राग यायला अंगात जोर लागतो.

"आमचा पोरगा ऋतुराज म्हणतो, करायचं तर नीट करू," सर्जेराव थकल्या आवाजात सांगत होते. "आठ-पंधरा दिवस लागतील. नवा गिलावा, गच्चीवर वॉटरप्रूफिंग, सगळं. पण मग चालू भाव. तेरा. नाय तर राहा हाय तसंच, साडेसहात. मी कधी काय म्हणणार नाय. तूच सांग."

सतरातून तेरा गेले तर चार उरतात. नाहीतर पुन्हा पाट्या, पुन्हा ते पूर्ण नाव. तरी उत्तर एकच होतं, कुणालाही विचारायची गरज नव्हती. संघपालनं तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते असं:

"काका, हाय तसंच ठेवलं, तर अजून किती दिवस निघतील?"

आतल्या खोलीतला झाडूचा आवाज थांबला. संघपालनं मान वळवली. उंबऱ्यात मेघा उभी होती, केसांत पांढरी धूळ, हातात गिलाव्याचे तुकडे भरलेली सुपली. ती त्याच्याकडं बघत होती. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. ती घाबरली होती, आणि आता छताला नव्हे.

"दुरुस्त करा," तो फोनमध्ये म्हणाला. "उद्याच माणसं पाठवा काका. दुरुस्तच करा." दोनदा म्हणाला, मोठ्यानं, तिला नीट ऐकू जावं म्हणून. पण आधीचंही तिनं ऐकलं होतं.