काकूंच्या बाथरूममधलं मखर

हे माझ्या नवऱ्यालाही माहीत नाही. आईला सांगायचं म्हणून दोनदा फोन केला आणि दोन्ही वेळा तिच्या गुडघ्यांची चौकशी करून ठेवून दिला. आज मात्र लिहूनच टाकते.

तेव्हा आम्ही अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलला राहायचो. मी एका कॉम्प्युटर चिपच्या कंपनीत टेस्टिंग करायचे — म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या. त्यात मी फार हुशार होते! शिवाय मराठी मंडळाची सजावट माझ्याकडे. थर्माकोलचं मखर मी स्वतः कापलं होतं. दोन खांब, वर कमान, कमानीवर कळस. पण गणपती झाल्यावर ते ठेवायचं कुठे? सगळे अपार्टमेंटवाले, कोणाकडेच जागा नाही.

जागा होती सुमनकाकूंकडे. काका गेल्यावर काकू एकट्याच छोटं हॉटेल चालवत होत्या. मिसळ, थालीपीठ, शनिवारी साबुदाण्याची खिचडी. माझ्या बाळंतपणात डिंकाचे लाडू त्यांनीच केले होते. त्यांच्या हॉटेलात एक ऐसपैस बाथरूम होतं — रुंद दार, भिंतीला धरायला दांडे. व्हीलचेअरवर येणाऱ्यांसाठी, कायद्याप्रमाणे केलेलं. "एवढी जागा रिकामीच तर पडून असते, काकू," असं मी म्हटलं. काकू नव्हे, मी. मखर तिथे गेलं आणि वर्षभर तिथेच राहिलं.

एका शनिवारी दुपारी एक गृहस्थ व्हीलचेअरवरून आला. त्याचं नाव मी लिहीत नाही. तेवढं तरी त्याचं त्याच्याकडे राहू दे. थालीपीठ खाल्लं, दोन कप चहा घेतला आणि बाथरूम कुठे म्हणून विचारलं. मी तिथेच होते, नव्या पडद्यासाठी मखराची मापं घ्यायला आलेले. दार उघडलं तर आत पाय ठेवायला जागा नाही, तिथे खुर्ची कुठून जाणार? एक मिनिट, एक मिनिट, म्हणत मी खांब ओढायला लागले. खांब दारात अडकला. तो शांतपणे म्हणाला, बाई, माझ्याकडे एवढा वेळ नाही.

आणि खरंच नव्हता. त्याने टेबलावरचे कागदी नॅपकिन घेतले आणि मांडीवर पसरले. पण पँट भिजलेली दिसत होतीच. मी काय केलं? मान वळवली. आणि खरं सांगू? मला पहिलं वाईट वाटलं ते मखराच्या कळसाचं. ओढाताणीत तो मोडला होता.

पुढे त्याने काकूंवर दावा लावला. एकट्या काकूंवर नाही — त्या रस्त्यावरच्या कितीतरी दुकानांवर त्याचे दावे होते. कुठे आरसा उंच, कुठे पाटी चुकीची. प्रत्येक दाव्यात तेच वाक्य: माझा अपमान झाला. सगळे दुकानदार एकत्र आले, वकील केला. हा माणूस ऊठसूट कोर्टात जातो, याला लगाम घाला, अशी मागणी केली. वकिलाला साक्षीदार हवे होते.

काकू माझ्याकडे आल्या आणि रडल्या. "हॉटेल क्लोज करावं लागलं तर मी काय करू गं?" एवढंच म्हणाल्या. खोटं बोल असं त्यांनी कधीच म्हटलं नाही. ते मीच ठरवलं — आणि वर आपण किती धीराच्या असं वाटून घेतलं. साक्षीच्या आदल्या दिवशी मखर माझ्या बाल्कनीत हलवलं. मग शपथेवर लिहून दिलं की ते बाथरूम मोकळं होतं आणि तो गृहस्थ तिकडे फिरकलाच नाही. खाली सही केली. हात थरथरला असेल असं तुम्हाला वाटतंय? छे! छान वळणदार सही आली.

निकाल लागला. यापुढे कोर्टाची आधी परवानगी घेतल्याशिवाय त्याला असा नवा दावा लावता येणार नव्हता. न्यायाधीशांनी लिहिलं होतं की एका माणसाचा इतक्या ठिकाणी, अगदी तसाच अपमान कसा होईल? निदान एका ठिकाणी तर तो झालाच नव्हता, असं साक्षीवरून दिसतं. ती साक्ष माझी. बाकीच्या ठिकाणांचं मला माहीत नाही. आमच्या ठिकाणी तो झाला होता आणि मी हातभर अंतरावर उभी होते. काकूंनी शिरा केला. मी दोनदा मागून खाल्ला.

दोनेक वर्षांनी एका कॉफीच्या दुकानात तो दिसला. तिथल्या बाथरूमसमोर लहान मुलांच्या उंच खुर्च्यांची चळत होती. त्याने पाहिलं, आपली व्हीलचेअर वळवली — आणि मी समोर. त्याने मला लगेच ओळखलं. मला वाटलं, आता हा सगळ्यांदेखत बोलणार. बोलू दे, असंही वाटलं.

तो म्हणाला, त्या दिवशी तुमचं ते छोटं देऊळ माझ्यामुळे मोडलं. फार सुंदर होतं. नीट झालं का?

मी हो म्हटलं. बरं झालं, म्हणाला आणि दाराकडे गेला. मी कॉफी घेऊन बाहेर पडले, त्या खुर्च्या तशाच ठेवून.

कळस मी, मोडला त्याच आठवड्यात चिकटवला होता. सही करायच्या कितीतरी आधी.