सलालाला गेलेला डबा

मस्कतच्या उन्हाळ्यात सायकल चालवणं हे शहाण्या माणसाचं काम नाही, हे पंधरा वर्षं अल् घुब्र्यात राहून मला चांगलं ठाऊक होतं. पण मुलगा शिकायला बाहेर गेला, ह्यांची रिटायरमेंट तोंडावर आली, आणि एका संध्याकाळी हे दोन जुन्या सायकली घेऊन दारात उभे! "ऑगस्टअखेर आपण कायमचे पुण्याला. तोवर दर शुक्रवारी सायकल," असं त्यांनी जाहीर करून टाकलं.

मग दर शुक्रवारी पहाटे सायकली गाडीच्या मागे बांधायच्या, नखल गावाच्या अलीकडे गाडी लावायची आणि उजाडता उजाडता खजुराच्या बागांमधल्या अरुंद रस्त्यांना लागायचं. नऊच्या आत परत, कारण नंतर हँडलला हात लावता येत नाही. ह्यांचं नमनालाच घडाभर तेल. हवा तपास, टोपी भिजव, सीट वर, सीट खाली. एकदाचे निघाले की शेळी दिसली तरी थांबणार. मी कावायचे. "अगं, शर्यतीत आलोय का आपण?" हे म्हणायचे. आणि खरं सांगायचं तर मातीच्या भिंतीच्या सावलीत शिरलं, शेजारून फलजचं, म्हणजे बागांच्या पाटाचं, पाणी खळखळत यायला लागलं की माझाही राग टिकायचा नाही. मुलगा गेल्यापासून इतकी आनंदात मी नव्हते.

तिथल्याच एका बागेच्या मालकाने, पांढऱ्या दाढीच्या एका म्हाताऱ्या बाबांनी, आम्हाला पहिल्याच शुक्रवारी थांबवलं. चटईवर बसवून कहवा पाजला आणि निघताना ताज्या खजुराने भरलेली प्लास्टिकची बादली माझ्या हँडलला अडकवली. त्यांनी तरुणपणी मुंबईला फेऱ्या मारल्या होत्या, त्यामुळे हिंदी यायचं.

आता, कुणाचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही माझ्या आईची शिकवण. घरात काहीच नसेल तर चिमूटभर साखर घाल, म्हणायची. मी पुढच्या शुक्रवारी बादलीतून चिवडा नेला. बाबांनी ती लिंबांनी भरून दिली. मी शंकरपाळे नेले, त्यांनी आंबे दिले. "हे कधी संपणार?" ह्यांनी विचारलं. "तुम्ही सायकल चालवा," मी म्हटलं.

जुलैमध्ये ती बादली तडकली. गडबडीत मी बेसनाचे लाडू हाताला लागेल त्या डब्यात भरले, आणि बाबांच्या हातात देताना लक्षात आलं की हा आईचा डबा. स्टीलचा, झाकणावर टिंबांटिंबांनी आईचं नाव घातलेलं. आई-वडील गेल्यावर माहेरचं घर विकलं गेलं, तेव्हा भावाने विचारलं होतं, तुला काय हवं? मी तेवढा डबा उचलला होता.

बाबांनी अक्षरांवरून बोट फिरवलं. "ये क्या लिखा है?"

"मेरी माँ का नाम. हमारे यहाँ बर्तन पे नाम डालते हैं, बाबा. शादी में सबके बर्तन मिक्स हो जाते हैं ना, तो मालूम पड़ता है कौनसे घर का है."

"कुवैस," म्हणजे छान, असं बाबा म्हणाले आणि डबा ठेवून घेतला. लाडू काढून घ्या आणि डबा द्या, असं तोंडावर कसं म्हणणार? म्हटलं, पुढच्या शुक्रवारी येईलच.

पुढच्या शुक्रवारी फाटकाला कुलूप. बागेत काम करणारा, मालकाला अर्बाब म्हणणारा बांगलादेशी माळी भिंतीवरून डोकावला. "अर्बाब सलाला गया. सब बच्चा लोग लेके."

"और डब्बा? स्टील का?"

"वो भी गया. अर्बाब हाथ में पकड़के गया."

उन्हाळ्यात निम्मा ओमान सलालाच्या पावसाळी हिरवाईत जातो, हे मला माहीत होतं. पण आम्ही पंधरा वर्षांत सलाला पाहिलं नाही आणि माझा डबा हजार किलोमीटर सहलीला गेला! हे हसत सुटले. मी त्या दिवशी परतताना त्यांच्याशी बोलले नाही.

पुढचा शुक्रवार कुलूप. त्याच्या पुढचाही. घरी सामानाची खोकी बांधून होत होती आणि माझा जीव त्या डब्यात अडकला होता. "नवीन घेऊ," असं हे एकदा म्हणाले, पुन्हा म्हणाले नाहीत.

शेवटच्या शुक्रवारी मी सगळ्यांच्या पुढे, म्हणजे ह्यांच्या पुढे, सुटले. एकाही शेळीपाशी ह्यांना थांबू दिलं नाही. वळण घेतलं तर फाटक उघडं आणि चटईवर बाबा!

कहवा होईपर्यंत मी कशीबशी गप्प बसले. मग सांगितलं, आम्ही मंगळवारी कायमचे चाललो. बाबा उठले. आत गेले आणि डबा घेऊन आले. हलव्याने काठोकाठ भरलेला.

झाकणावर आईच्या नावाखाली आणखी एक ओळ होती. अरबी, बारीक, सुरेख.

"सलाला से आते निझवा में रुका," बाबा म्हणाले. "चांदी का काम करने वाला है उधर, उससे डाला. मेरे घर का नाम. अब बर्तन मिक्स हो गया तो मालूम पड़ेगा, इसका दो घर है. इधर भी आ सकता है, बेटी."

मी तिथेच रडले, अगदी आवाज काढून. हे सायकलच्या चाकातली हवा तपासायला लागले, जी भरलेलीच होती.

पुण्यात परवा शेजारच्या वहिनींना त्याच डब्यातून चकल्या दिल्या. काल त्यांनी तो साखर घालून परत केला आणि विचारलं, "वरचं नाव तुमच्या आईचं, ते तुम्ही सांगितलंत. पण खाली हे उर्दूत काय लिहिलंय?"

"अरबी आहे," मी म्हटलं. "तेही माहेरच."