खिळे मारलेली खिडकी

धाराशिवच्या सरकारी दवाखान्यातल्या टीबी विभागात मी एक्स-रेच्या रिपोर्टची वाट बघत बसले होते. सासूबाईंना टीबी झाला होता. आम्हाला मूल हवं होतं, पण डॉक्टर म्हणाले, आधी तुम्हा नवरा-बायकोची तपासणी करू.

एक म्हातारा माझ्या बाजूला बसायला आला. बसण्याआधी त्यानं खिडकी ढकलून पाहिली. ती अडकली होती. त्यानं चौकटीवर तळव्यानं दोनदा ठोकलं, ती उघडली, मगच तो टेकला. सुतार होता, कानामागं पेन्सिल होती.

"घरात कुणाला हाय?"

"सासूबाईंना. त्यांची ताट-वाटी वेगळी केलीय," मी जरा तोऱ्यातच सांगितलं.

तो कसनुसं हसला. "म्या बी बायकोचं ताट येगळं केलं. आन् तिला गार वारं नगं म्हणून खिडकीला खिळे मारले. ही बीमारी हवेतनं येती, पोरी, ताटातनं न्हाय. जलमभर लोकांच्या खिडक्या केल्या, आन् सोताची बंद केली. मग मला बी झाला." खिळा उपटावा तशी त्यानं बोटं ओढली. "खिळे काढले, गोळ्या पुऱ्या केल्या. आता दोघं बी ठणठणीत हाव."

आमचे दोघांचे रिपोर्ट चांगले आले. डॉक्टरांनी प्रतिबंधाच्या गोळ्या दिल्या. त्या पूर्ण करा, मग बाळाचं बघू, म्हणाले. दोन महिने औषध घेतलेल्या सासूबाईंसोबत जेवायलाही आता हरकत नव्हती.

घरी येऊन मी आधी खिडकी उघडली. मग सगळी ताटं एकत्र घासून मांडली.

"ह्यात माझं कुठलं गं?" सासूबाईंनी विचारलं.

"कुठलं बी घ्या."