थांबला का आवाज?

गेल्या उन्हाळ्यात वारज्याच्या आमच्या फ्लॅटमधला फ्रीज खडखडायला लागला. मोटार सुरू झाली की आधी एक हादरा, मग पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज. फ्रीजला लागूनच जेवणाचं टेबल. माझे यजमान तिथे बसून तासभर पेपर वाचत, पण कपाळावर आठीसुद्धा नसे.

"अहो, मेकॅनिकला बोलवा ना," मी म्हणायचे.

"कशाला? चांगला चाललाय की."

सुरुवातीला मी ते हसण्यावारी नेलं. मग चिडायला लागले. छत्तीस वर्षं शाळेत मागच्या बाकावरची कुजबुज टिपणारा हा माणूस, आणि याला हा गोंधळ ऐकू येत नाही? मला वाटलं, मुद्दाम चाललंय. एकदा सकाळी पोळ्या लाटता लाटता मी ओरडले, "तुम्हाला माझं काही ऐकायचंच नसतं. मी काय भिंतीशी बोलते?" त्यांनी पेपरची घडी घातली, चपला घातल्या आणि खाली निघून गेले. पुढचा आठवडाभर 'वाढू का' आणि 'नको' यापलीकडे आमच्यात बोलणं नव्हतं.

शेवटी मीच चाचांना फोन केला. आमच्या सोसायटीतले सगळे फ्रीज आणि वॉशिंग मशिनं तेच बघतात. साठीच्या पुढचे, मितभाषी. आले, फ्रीज पुढे ओढला आणि मागे जाऊन बसले. मला म्हणाले, "ताई, तुम्ही इकडे बॅटरी धरा. सर, तुम्ही समोर उभे राहा. इथे माझा कान मोटारीला लागलाय, मला पुढचं नीट कळत नाही. मी एकेक नळी दाबतो, खडखड थांबली की सांगा."

मी मोबाइलची बॅटरी लावून बाजूला वाकले. फ्रीज जोरात खडखडत होता. चाचांनी एक नळी दाबली. काहीच फरक पडला नाही.

"थांबला का आवाज?"

"थांबला," हे म्हणाले.

चाचांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग दुसरी नळी पत्र्यापासून जरा दूर धरली. खडखड एकदम बंद झाली. इतकी, की खालच्या रस्त्यावरचा भाजीवाला ऐकू आला.

"आता?"

"नाही, आहे अजून."

"अहो, लक्ष कुठंय तुमचं?" माझ्या तोंडून निघून गेलं. तेव्हा मी त्यांच्याकडे पाहिलं. ते फ्रीजकडे बघतच नव्हते. माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. वर्गात उत्तर न येणारं पोर शेजारच्या वहीत बघतं, तसे. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

मी बॅटरी खाली केली. चाचाच उठले. त्यांनी यांचा हात धरून तळवा फ्रीजच्या बाजूवर टेकवला आणि समोर येऊन सावकाश म्हणाले, "सर, असं हाताने बघा. थरथर थांबली की सांगा. माझेही कान कामात गेलेत, मीपण असंच बघतो." ते खरं होतं की नाही, मला माहीत नाही. पण यांनी मान हलवली आणि पुढच्या वेळी बरोबर सांगितलं.

कॉम्प्रेसरखालचे रबर झिजून चपटे झाले होते, त्यामुळे नळी पत्र्यावर आपटत होती. चाचांनी रबर बदलले आणि नळी बांधून टाकली. अर्ध्या तासाचं काम. ते गेल्यावर आम्ही दोघं टेबलापाशी बसून राहिलो. मी किती दिवसांपासून असं होतंय ते विचारलं. दोनदा विचारावं लागलं.

"दिवाळीच्या आधीपासून," ते म्हणाले. कोणत्या दिवाळीच्या, ते सांगितलं नाही.

सदाशिव पेठेतल्या कानाच्या डॉक्टरांनी तपासणी केली. डावा कान जवळजवळ गेलेला, उजवा निम्मा. नस कमजोर झाली आहे, गेलेलं परत येणार नाही, मशीन लावा, असं त्यांनी सांगितलं. यांनी कागद घडी करून खिशात ठेवला.

घरी येताना स्कूटर मी चालवत होते. गुडघ्याचं कारण सांगून यांनी ती वर्षभरापूर्वीच सोडली होती. सिग्नलला थांबलो तेव्हा मागून म्हणाले, "गुडघा ठीक आहे माझा. पुलाखाली एक बस मागून हॉर्न देत होती, मला कळलंच नाही. हाताला घासून गेली तेव्हा दिसली."

"मग मला का नाही सांगितलंत?" मी विचारलं. मी स्कूटर कडेला घेतली, हेल्मेट काढलं आणि मागे वळून तेच पुन्हा विचारलं.

"तू मला एकट्याला बाहेर सोडलं नसतंस," ते म्हणाले.

हे खोटं नव्हतं. आता मशीन आहे, पण कानात घोंघावतं म्हणून ते बऱ्याचदा काढून ठेवतात. तरी संध्याकाळी दूध आणायला एकटेच जातात. मी अडवत नाही. गॅलरीत उभी राहते आणि ते रस्ता ओलांडून पलीकडे पोचेपर्यंत कठडा घट्ट धरून ठेवते.